बुटाचा रंग आणि बुटाचा तळ

१/ धावण्याच्या बुटाला दोन इतिहास आहेत. एक वरच्या अंगाचा आहे: रंगाचा, नावाचा, जाहिरातीचा, रांगेचा. दुसरा तळाचा आहे: रबराचा, चिखलाचा, कातळाचा आणि काही वेळा मृत्यूचा. पहिल्याला पोस्टर आणि लिलावगृहे मिळाली. दुसरा बहुतेकांच्या पायाखालीच राहिला. आजचा धागा या दोन्ही इतिहासांविषयी, आणि अलीकडे ते एकमेकांत कसे मिसळले याविषयी.

२/ आरंभ एका सुप्रसिद्ध कथेने करावा लागतो. ती अशी: १९८४ साली शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघात मायकल जॉर्डन नावाचा नवखा खेळाडू आला. नायकी कंपनीने त्याच्यासाठी काळ्या-लाल रंगाचा 'एअर जॉर्डन' बूट घडवला. एनबीए या व्यावसायिक लीगला तो रंग खपला नाही. लीगने बंदी घातली. जॉर्डन बंदी झुगारून तोच बूट घालून खेळत राहिला, आणि प्रत्येक सामन्यामागे ५,००० डॉलरचा दंड कंपनी मुकाट्याने भरत राहिली.

३/ कथा उत्तम आहे. बंडखोर नायक, कोता कायदा, निषिद्ध वस्तू आणि पाठीशी उभा राहणारा धनको, सगळे घटक जिथल्या तिथे बसले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमक्या अशाच जागी थबकावे. सर्व तुकडे इतके नीट जुळतात तेव्हा ते कोणी जुळवले, हा प्रश्न विचारायलाच हवा.

४/ पुरावा काय सांगतो? लीगचे कार्यकारी उपाध्यक्ष रस ग्रॅनिक यांनी नायकीचे रॉब स्ट्रॅसर यांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. तारीख २५ फेब्रुवारी १९८५. आशय एवढाच: आपल्यात झालेल्या बोलण्यानुसार कळवण्यात येते की, १८ ऑक्टोबर १९८४च्या सुमारास मायकल जॉर्डन यांनी वापरलेले नायकीचे काही लाल-काळे बूट लीगच्या नियमांत बसत नाहीत. पत्रात 'एअर जॉर्डन' हे नाव नाही. दंडाच्या रकमेचा उल्लेख नाही. घटना ऑक्टोबरची आहे आणि पत्र चार महिन्यांनंतरचे.

५/ आता छायाचित्रे पाहू. त्या ऑक्टोबरातील सराव सामन्यांत जॉर्डनच्या पायांत लाल-काळा बूट दिसतो खरा; पण तो एअर जॉर्डन नव्हे. तो 'एअर शिप', नायकीचाच आधीचा एक नमुना, ब्रूस किलगोर यांनी आखलेला. पीटर मूर यांनी रेखाटलेला एअर जॉर्डन त्या वेळी दुकानांत पोहोचायला अजून सहा महिने अवकाश होता.

६/ आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे बूटच. १ नोव्हेंबर १९८४ रोजी, आपल्या पाचव्याच एनबीए सामन्यात जॉर्डनने घातलेले एअर शिप ऑक्टोबर २०२१मध्ये सदबीज या लिलावगृहाने सुमारे १४.७ लाख डॉलरना विकले. त्यांचा रंग? पांढरा आणि लाल. म्हणजे ज्या मोसमात बंडाचा झेंडा फडकत असल्याचे सांगितले जाते, त्याच्या पहिल्याच आठवड्यात बंडखोराच्या पायांत नियमात बसणारे पांढरे बूट होते.

७/ मुळात तो नियम रंगद्वेष्टा नव्हता. संघातील सर्वांचे बूट गणवेशाशी आणि एकमेकांशी जुळावेत, एवढीच त्याची अपेक्षा. ज्यांच्या शाळेत पीटीच्या तासाला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे होते आणि डाग पडला की त्यावर खडू घासावा लागे, त्यांना हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही. बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आऊरबाख यांनी तर आपल्या संघाला काळे बूट दिले, कारण पांढरे लवकर मळतात. त्या पिढीसाठी रंगाचा प्रश्न हा धुलाईचा प्रश्न होता.

८/ मग काळ्या-लाल एअर जॉर्डनचे दर्शन कुठे झाले? ९ फेब्रुवारी १९८५ रोजी, इंडियानापोलिस येथील डंक स्पर्धेत. तो लीगचा सामना नव्हता. गणवेशाचा कडक नियम तिथे आड येत नव्हता. जॉर्डन गळ्यात सोनसाखळ्या घालून आला आणि त्याच्या पायांत ते बूट होते. त्यानंतर सोळा दिवसांनी ग्रॅनिक यांचे पत्र निघाले. एप्रिल १९८५मध्ये बूट ६५ डॉलरना बाजारात आला.

९/ मधल्या काळात जाहिरात तयार झाली होती. कॅमेरा जॉर्डनच्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली उतरतो आणि पायांशी पोहोचताच बुटांवर सेन्सॉरच्या काळ्या पट्ट्या आदळतात. निवेदक गंभीर आवाजात सांगतो की लीगने हा बूट खेळाबाहेर फेकला. पण तुम्हाला तो घालण्यापासून ती रोखू शकत नाही. इथे ग्रॅनिक यांच्या पत्रातील 'आपल्यात झालेल्या बोलण्यानुसार' हे शब्द पुन्हा वाचावेत. बंदीचा कागद हा बंडाला बसलेला तडाखा कमी आणि जाहिरातीला मिळालेले प्रमाणपत्र अधिक वाटतो.

१०/ ही युक्ती फळली. जॉर्डनचे प्रतिनिधी डेव्हिड फॉक यांनी 'द लास्ट डान्स' या मालिकेत सांगितले की, चौथ्या वर्षाअखेर ३० लाख डॉलरची विक्री व्हावी अशी नायकीची अपेक्षा होती. पहिल्याच वर्षी ती १२.६ कोटींवर गेली.

११/ पण या कथेचा एक उपसंहार फारसा सांगितला जात नाही. कंपनीने बूट इतके बनवले की पुढे ते दुकानांत पडून राहिले आणि उतरत्या किमतीत विकले गेले. ते उचलले कोणी? स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलांनी. त्यांना उंच, जाड चामड्याचा, घोट्याला आधार देणारा आणि मुख्य म्हणजे स्वस्त बूट हवा होता. १९८७च्या 'द सर्च फॉर ॲनिमल चिन' या स्केटिंगच्या चित्रफितीत हे बूट सर्रास दिसतात. आज ज्या रंगासाठी लोक रात्र जागवतात, तोच रंग तेव्हा सवलतीच्या टोपलीत होता. रंग तोच, चामडे तेच. फरक होता तो फक्त पुरवठ्यात.

१२/ हा धडा उद्योगाने नीट गिरवला. इथे बूट बनतो कसा, हे थोडे समजून घ्यायला हवे. बुटाचा सोल साच्यात घडतो. प्रत्येक मापासाठी वेगळा धातूचा साचा लागतो. नवा सोल आखणे, त्याचे साचे पाडणे आणि चाचण्या घेणे हा खरा खर्च. वरच्या चामड्याचा किंवा कापडाचा रंग बदलण्याला त्यामानाने काहीच लागत नाही. एकदा साचे तयार झाले की त्याच बुटाला शंभर रंग देता येतात. प्रत्येक रंगसंगतीला, म्हणजे 'कलरवे'ला, स्वतंत्र नाव, स्वतंत्र कथा आणि मोजकी संख्या दिली की तो नवा बूट ठरतो. सर्वांत स्वस्त बदल सर्वांत महाग विकण्याची ही कला आहे.

१३/ याच वर्षीचा, १९८५चा, आणखी एक बूट: नायकी डंक. केंटकी, सिरॅक्यूज, मिशिगन, आयोवा अशा विद्यापीठांच्या संघांच्या रंगांत तो काढला गेला. त्यात निदान एक अर्थ होता. रंग म्हणजे आपला संघ, आपले गाव. वीस वर्षांनी त्याच डंकचा एक करडा अवतार निघाला. टाचेवर कबुतर शिवलेले, तळ नारिंगी. न्यूयॉर्कच्या डिझायनर जेफ स्टेपल यांची ती कल्पना. एकूण जोड १५०.

१४/ २२ फेब्रुवारी २००५ रोजी मॅनहॅटनच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरील स्टेपल यांच्या दुकानासमोर गर्दी इतकी चिघळली की पोलीस बोलवावे लागले. बूट घेऊन बाहेर पडणाऱ्याला लुटले जाऊ नये म्हणून टॅक्सीत बसवून देण्याची वेळ आली. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या पहिल्या पानावर ही बातमी होती. ज्यांनी तोवर 'स्नीकर संस्कृती' हा शब्दही ऐकला नव्हता, त्यांना ती त्या सकाळी कळली.

१५/ लुटले जाण्याची भीती पोकळ नव्हती. मे १९८९मध्ये मेरीलँड राज्यात एका पंधरा वर्षांच्या मुलाचा गळा आवळून खून झाला. कारण त्याच्या पायांतले एअर जॉर्डन. पुढच्या वर्षी मे महिन्यात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने अशा गुन्ह्यांवर मुखपृष्ठकथा केली. 'बंदी'च्या गमतीशीर जाहिरातीपासून इथवर अवघी चार वर्षे. टंचाई घडवून मागणी वाढवणाऱ्यांच्या हिशेबात या मुलाचा रकाना कुठेच नसतो.

१६/ आता बूट उलटा करू. खालच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा सप्टेंबर १९३५मधला, इटली-स्वित्झर्लंड सीमेवरील पुंता राझिका या शिखरावरचा आहे. मिलानचा गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी आपल्या सोबत्यांसह तिथे होता. त्या काळी पहाडात दोन प्रकारची पादत्राणे नेत. पायथ्यापर्यंत लोखंडी खिळ्यांचे जड बूट. कातळ सुरू झाला की ते काढून ठेवायचे आणि नमद्याच्या तळाचे हलके जोडे चढवायचे. खिळे कातळावर घसरतात, नमदा चिकटतो.

१७/ पण नमदा थंडीत तग धरत नाही आणि बर्फावर तर मुळीच नाही. वर असताना हवामान फिरले, हिमवादळ आले. खिळ्यांचे बूट खाली राहिलेले. सहा जण गारठून मेले. ब्रामानी वाचला.

१८/ पुढची दोन वर्षे त्याने एकाच प्रश्नावर खर्ची घातली: कातळ, बर्फ आणि माती या तिन्हींवर चालणारा एकच तळ करता येईल का? उत्तर रबरात सापडले. टायर बनवणाऱ्या पिरेलीचे साहाय्य घेऊन त्याने व्हल्कनाइज्ड रबराचा खोल दात असलेला सोल १९३७मध्ये आणला. त्याच्या नक्षीला नाव दिले 'कार्रारमातो', म्हणजे रणगाडा. स्वतःच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे जोडून कंपनीचे नाव ठेवले व्हिब्राम. आज कित्येक बुटांच्या तळावर दिसणारा तो पिवळा अष्टकोन हाच.

१९/ ३१ जुलै १९५४ रोजी आकिल्ले कोंपान्योनी आणि लिनो लाचेदेल्ली हे इटालियन गिर्यारोहक के-२च्या माथ्यावर प्रथम पोहोचले, तेव्हा त्यांच्या बुटांखाली व्हिब्रामचे रबर होते. वरच्या चामड्याचा रंग कोणता होता, हे फारसे कोणाला आठवत नाही.

२०/ धावणाऱ्यांची कथा थोडी निराळी. त्यांना रणगाडा नको होता, हलकेपणा हवा होता. अमेरिकेच्या ओरेगॉन विद्यापीठातील धावण्याचे प्रशिक्षक आणि फिल नाइट यांच्यासह नायकीचे संस्थापक बिल बाउअरमन हे खिळ्यांशिवाय पकड घेणारा तळ शोधत होते. १९७१च्या सुमारास एका सकाळी पत्नी बार्बरा वॉफल करत असताना त्यांची नजर तव्यावरच्या चौकोनांवर गेली. लग्नात आहेर मिळालेल्या त्या वॉफलच्या साच्यात त्यांनी वितळलेले रसायन ओतले. साचा कायमचा चिकटला.

२१/ ही गोष्टही जाहिरातीसारखी गुळगुळीत वाटते. पण हिच्यापाशी वस्तूचा पुरावा आहे. बाउअरमन यांच्या जुन्या घराच्या आवारातील कचऱ्याच्या खड्ड्यात २०१०च्या सुमारास गंजलेले वॉफलचे साचे सापडले. फेब्रुवारी १९७४मध्ये मिळालेले पेटंटही आहे. काळ्या-लाल बुटाच्या कथेला खोदल्यावर जाहिरात लागते. या कथेला खोदल्यावर लोखंड लागले.

२२/ किंमतही लागली. बाउअरमन बंद खोलीत, पुरेशी हवा खेळत नसताना, हेक्झेन असलेल्या गोंदांशी वर्षानुवर्षे काम करीत. त्या वाफांनी त्यांच्या पायांच्या नसा निकामी केल्या. लाखो लोकांना धावायला लावणारा हा माणूस स्वतःच्या हातचे बूट घालून धावू शकेनासा झाला. आणि १९७२च्या ऑलिंपिक निवड चाचणीसाठी बनवलेल्या त्यांच्या त्या मोजक्या हातघडणीच्या बुटांपैकी न वापरलेला एक जोड २०१९मध्ये ४,३७,५०० डॉलरना विकला गेला. न वापरलेला, म्हणून इतका महाग.

२३/ त्याच १९७४ साली, ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियाच्या सिएरा पर्वतातील घोड्यांच्या १०० मैलांच्या शर्यतीत गॉर्डी एन्सली नावाचा तरुण घोड्याविना उतरला. आदल्या वर्षी घोडा लंगडल्यामुळे त्याला शर्यत सोडावी लागली होती. तो २३ तास ४२ मिनिटांत पायी पोहोचला. आजच्या 'वेस्टर्न स्टेट्स' या डोंगरी अतिदूर शर्यतीचा उगम हाच. 'ट्रेल रनिंगचे बूट' ही स्वतंत्र वस्तू तेव्हा अमेरिकेच्या दुकानांत नव्हती.

२४/ इंग्लंडमध्ये मात्र ती घडत होती, मोठ्या कंपनीत नव्हे, बोल्टन गावच्या एका छोट्या कारखान्यात. उत्तर इंग्लंडच्या ओल्या, गवताळ, दलदलीच्या टेकड्यांवरून धावण्याची परंपरा जुनी आहे. तिला 'फेल रनिंग' म्हणतात. नॉर्मन वॉल्श यांनी या धावपटूंसाठी बूट केले: बारीक, हलके, आणि तळाला अणकुचीदार रबरी खुंट. त्यांचा गाजलेला नमुना 'पीबी' हा केंडल गावचे धावपटू पीट ब्लँड यांच्या आद्याक्षरांवरून ओळखला जातो. रंग निळा-पिवळा. वर्षानुवर्षे तोच, कारण तो बदलावा असे घेणाऱ्याला कधी वाटले नाही. तो बूट चिखलाने भरला की निळाही दिसत नसे आणि पिवळाही.

२५/ मग हे दोन इतिहास भेटले कुठे? एक जागा पुन्हा के-२चीच. १९७८च्या अमेरिकन मोहिमेतील रिक रिजवे आणि जॉन रॉस्केली यांनी पायथ्यापर्यंतची लांबलचक चाल जड बुटांऐवजी नायकीच्या धावण्याच्या 'एलडीव्ही' बुटांत केली. त्याचे छायाचित्र कंपनीपर्यंत पोहोचले. त्यातून डोंगरी बुटांची कल्पना रुजली, आणि १९८९मध्ये 'एसीजी' ही स्वतंत्र मालिका उभी राहिली. तिचे भडक जांभळे, नारिंगी, मोरपंखी रंग पाहता पाहता डोंगरातून शहरात उतरले.

२६/ दुसरी आणि अधिक बोलकी भेट फ्रान्समधली. आल्प्सच्या कुशीतील आनसी या गावी १९४७मध्ये सालोमन कुटुंबाने करवती आणि स्कीच्या कडा बनवण्याचा छोटा कारखाना काढला. पुढे स्कीची बांधणी, मग बूट. २०१३मध्ये आलेला त्यांचा 'एक्सटी-६' हा दूर पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींसाठीचा बूट. ओढताच आवळणारी नाडी, दगडाचा मार झेलणारा पुढचा भाग, उतारावर टाच धरून ठेवणारी चौकट. यातले काहीही शोभेसाठी नव्हते.

२७/ दहाच वर्षांत हा बूट पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या दुकानांत नवनव्या रंगांनी सजून विकला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२३मध्ये सुपर बोलच्या मध्यंतरातील कार्यक्रमात रिहाना सालोमनच्याच, एका फॅशनगृहासोबत केलेल्या लाल बुटांत गायली. दुसऱ्या दिवशी जगभर शोध सुरू झाला तो त्या बुटाच्या नावाचा आणि रंगाचा. सोलवरचे दात किती खोल आहेत, हे विचारणारे थोडेच असतील.

२८/ यात वाईट काय, असे कोणी विचारील. काहीच नाही, जोवर बूट कॉफीच्या दुकानापर्यंत जातो. अडचण तेव्हा होते, जेव्हा रंग पाहून घेतलेला बूट जुलैच्या सह्याद्रीत जातो.

२९/ सह्याद्रीचा ट्रेल म्हणजे एक जमीन नव्हे, तीन-चार जमिनी आहेत. पावसाळ्यात शेवाळलेला काळा कातळ. पठारांवरचा, पाणी धरून ठेवणारा खडबडीत जांभा. भातखाचरांच्या बांधालगतचा चिकट चिखल. आणि पाऊस ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चपासून, उतारांवरचा तो कुप्रसिद्ध घसारा. ब्रामानीपुढचा प्रश्न जसाच्या तसा इथेही आहे: एका तळाने सगळे कसे सांभाळावे?

३०/ तळाचे गणित सोपे आहे, पण ते एकमेकांविरुद्ध जाते. चिखलाला खोल आणि विरळ दात हवेत. दाट असतील तर मधल्या फटींत चिखल बसतो आणि दोन मिनिटांत बूट गुळगुळीत होतो. ओल्या कातळाला याच्या उलट हवे: मऊ, चिकट रबर आणि शक्य तितका जास्त स्पर्श. खोल विरळ दातांचा बूट कातळावर फक्त टोकांवर उभा राहतो. म्हणून इंग्लंडच्या दलदलीतला नामांकित बूट हरिश्चंद्रगडाच्या ओल्या कातळावर दगा देऊ शकतो. वाटेवर चिखल जास्त की कातळ जास्त, हे आधी ठरवावे आणि मग दात पाहावेत. मध्यम खोली आणि मऊ रबर ही तडजोड बहुतेक पावसाळी वाटांना पुरते. घसाऱ्यावर दातांपेक्षा टाचेची घट्ट बैठक आणि अंगठ्यापुढचे जाड रबर जास्त कामाला येते.

३१/ मापाविषयी दोन गोष्टी. बूट संध्याकाळी घालून पाहावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. लांब धावेत तो आणखी सुजणार असतो. आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी. चढावर ती जाणवत नाही. उतारावर ती नसेल तर नखे काळी पडतात.

३२/ जलरोधक अस्तराचे आकर्षण पुष्कळांना असते. थंड, कोरड्या बर्फाच्या प्रदेशात ते उपयोगी आहे. कोकणकड्याच्या पावसात पाणी वरून, मोज्यांतून आत येते आणि मग अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. इथे पाणी अडवणाऱ्यापेक्षा पाणी सोडणारा जाळीदार बूट बरा. जाड गादीचे बूटही जरा जपूनच घ्यावेत. पाय जमिनीपासून जितका उंच, तितका घोटा वळण्याचा संभव अधिक.

३३/ महाराष्ट्रातील ट्रेकर मंडळींना यातले बरेचसे अनुभवाने आधीच ठाऊक होते. परदेशी ट्रेल शूज सहज मिळू लागण्यापूर्वी सह्याद्रीत दोन बूट चालत: हिरव्या कॅनव्हासचे, फौजी वळणाचे हंटर शूज आणि ॲक्शन कंपनीचे 'ट्रेकिंग' शूज. दोन्ही दिसायला यथातथाच. त्यांच्या रंगावर कोणी कविता केली नाही आणि त्यांच्यासाठी रात्रभर रांगही लागली नाही. 'ग्रिप देतो का?' या एका प्रश्नावर ते टिकले. नव्या मुलाला ट्रेकला नेताना अनुभवी माणूस आधी त्याचा बूट उलटा करून पाहत असे.

३४/ रंगाचा तळाशी काहीच संबंध नाही, असे मात्र म्हणता येत नाही; एक संबंध आहे आणि तो रसायनशास्त्राचा आहे. रबर मुळात काळे नसते. त्याला काळे करते ती काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टायर काळे झाले ते याच्यामुळे, कारण काजळीने रबराची झीज लक्षणीय कमी होते. आता एखाद्या खास रंगसंगतीसाठी तळ काचेसारखा अर्धपारदर्शक करायचा ठरला, तर त्यात काजळी घालता येत नाही. सिलिकासारखी दुसरी द्रव्ये वापरावी लागतात आणि मिश्रणच बदलते. शिवाय असा तळ काही वर्षांत पिवळा पडतो. त्यामुळे त्याच नावाच्या, त्याच साच्यातल्या दोन रंगांच्या बुटांची पकड आणि टिकाऊपणा सारखाच असेल, हे गृहीत धरू नये. दुकानात केवळ रंग निराळा असे सांगितले, तरी तळाला बोट लावून पाहावे.

३५/ आणि जे बूट न घालता, पेटीत, भाव वाढण्याची वाट पाहत ठेवले जातात त्यांचे काय होते? अनेक जुन्या बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील आर्द्रतेने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात. बाहेरून बूट नवा दिसतो, रंग झळाळता असतो, पेटीवरचे लेबलही शाबूत. घालून दहा पावले चालले की तळ बिस्किटासारखा चुरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. नियमित वापरल्या जाणाऱ्या बुटाचा तो थर तुलनेने तग धरतो असा संग्राहकांचा अनुभव आहे; निदान त्याची अवस्था मालकाला वेळीच कळते.

३६/ जुना जोड, मग तो स्वतःचा असो वा कोणाकडून स्वस्तात मिळालेला, डोंगरात नेण्यापूर्वी मधल्या थरात अंगठा जोराने दाबून पाहावा. दाबल्यावर भेगा दिसल्या, किंवा अंगठ्याला पिठासारखी भुकटी लागली, तर तो बूट घरीच ठेवावा. तळ आणि वरचा भाग जिथे चिकटवला आहे ती रेघ नखाने तपासावी; ऐन पावसाळ्यात, परतीच्या उतारावर सोल सुटलेला ट्रेकर सुतळीने बूट बांधून उतरताना सह्याद्रीत आजही दिसतो.